परदेशात शिकायला निघताय? आधी घरातली कागदं आणि पैशाचा हिशेब बघा : शिराळा तालुक्यातील विद्यार्थी-पालकांसाठी सविस्तर माहिती

शिराळा : पूर्वी तालुक्यातून पोरगं बाहेर पडलं म्हणजे मुंबईला गेलं, एवढंच गावाला ठाऊक होतं. आता कोकरूड, मांगले, सागाव, बिळाशी, आरळा अशा गावांतल्या घरांतही जर्मनी, इंग्लंड, कॅनडा ही नावं जेवताना निघतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएस्सी झालेल्या मुलामुलींना पुढचं शिक्षण बाहेर करायचं असतं, तर नीटला कमी गुण पडले की घरात परदेशातल्या एमबीबीएसचा विषय निघतो.

बहुतेक घरांत हा विषय सुरू होतो तो एजंटच्या ऑफिसातून. तिथं देश ठरतो, कॉलेज ठरतं, फी ठरते. मग घरी येऊन पासपोर्ट, दाखले आणि बँक यांची पळापळ सुरू होते, आणि गाडी तिथंच अडकते. गुण किंवा इंग्रजीपेक्षा नावातला फरक, वेळेत न मिळालेला दाखला आणि तारणाला न चालणारी जमीन यांनीच जास्त मुलांचं वर्ष वाया जातं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी घरातली कागदपत्रं, मग पैशाचा हिशेब, त्यानंतर देश आणि कॉलेज, आणि एजंट लागलाच तर सगळ्यात शेवटी.

खाली दिलेले परकीय नियम आणि रकमा २०२५ अखेरच्या आहेत. हे आकडे दरवर्षी बदलतात. अर्ज करण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्यावी.

१५ महिने आधी सुरुवात करा

युरोप-अमेरिकेतली मुख्य प्रवेशफेरी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सुरू होते. आपल्याकडची नागपंचमी उरकली की पोरं निघतात, असं समजा. त्यासाठी तयारी आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्ये सुरू व्हायला हवी.

मे ते ऑगस्ट : पासपोर्ट, नावातल्या दुरुस्त्या, जातीचा दाखला व वैधता, इंग्रजी परीक्षेचा अभ्यास.

सप्टेंबर ते डिसेंबर : आयईएलटीएस किंवा तत्सम परीक्षा, विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, कॉलेजांची यादी. जर्मनीला जायचं असेल तर एपीएस प्रमाणपत्राचा अर्ज याच काळात करावा.

डिसेंबर ते मार्च : विद्यापीठांना अर्ज.

मार्च ते जून : प्रवेशपत्र, कर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज.

मे ते ऑगस्ट : व्हिसा, राहण्याची सोय, तिकीट.

शेवटच्या वर्षाचा निकाल उशिरा लागला तर हे वेळापत्रक कोलमडतं. तसं झालं तर एक फेरी थांबावं. घाईत कुठलं तरी कॉलेज धरण्यापेक्षा एक वर्ष नोकरी करून गेलेलं परवडतं.

पासपोर्ट

सांगली जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. अर्ज ऑनलाइन भरून जवळच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायची असते. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये आणि तत्काळसाठी वर २००० रुपये. सज्ञान व्यक्तीचा पासपोर्ट १० वर्षं चालतो. फी ऑनलाइनच भरायची असते, त्यामुळे कुणाला रोख देण्याची गरज नाही. एकाच नावाच्या संकेतस्थळांच्या नकला फिरत असतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी सरकारी ‘गव्ह डॉट इन’ आहे का, ते पाहावं.

पोलीस पडताळणी हा यातला अडकणारा टप्पा. गावानुसार तुमचा अर्ज शिराळा किंवा कोकरूड पोलीस ठाण्याकडे येतो. पण विद्यार्थी पुण्यात किंवा कोल्हापुरात होस्टेलला राहत असेल आणि सध्याचा पत्ता म्हणून गावचा टाकला असेल, तर पडताळणीला तो घरी सापडत नाही आणि ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा पडतो. सध्याचा पत्ता खरोखर जिथं राहता तोच द्या. नाहीतर अर्जाच्या काळात गावी राहायला या.

नावाची भानगड आधी मिटवा

आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टला मात्र दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आणि आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव लिहा. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. तो रिकामा असला तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचं सगळं नाव आडनाव म्हणून छापलं जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी अक्षरं येतात. तिथं बँक खातं, भाडेकरार, सगळीकडे मग खुलासा करत बसावं लागतं.

एक कोरा कागद घ्या. आधार, पॅन, दहावी, बारावी, पदवी, पासपोर्ट, जन्मदाखला या सगळ्यांवरचं इंग्रजी स्पेलिंग एकाखाली एक लिहा. कुठं एक अक्षर जास्त, कुठं ‘राव’ लागलेलं, कुठं वडिलांचं नाव संक्षिप्त, हे लगेच दिसेल. मूळ आधार दहावीच्या प्रमाणपत्राचा धरून बाकीचं त्याला जुळवून घेणं सोपं पडतं. दहावीच्याच कागदावर चूक असेल तर शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे दुरुस्तीसाठी जावं लागतं. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावं. त्याचा अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन होतो. किरकोळ फरकासाठी काही ठिकाणी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र चालतं, पण सगळीकडे चालतंच असं नाही.

कॉलेज आणि विद्यापीठाचे कागद

शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर ट्रान्सक्रिप्ट कोल्हापूरहून घ्यावं लागतं. स्वायत्त कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आपल्या परीक्षा विभागात आधी विचारावं. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा, सही-शिक्क्याचा अधिकृत कागद. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं, असं पत्रही त्याच फेरीत मागून ठेवा.

शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना किमान महिनाभर आधी भेटा. बरीच विद्यापीठं ते पत्र थेट प्राध्यापकांच्या कॉलेजच्या ईमेलवरून मागवतात. सरांचा ईमेल खासगी असेल तर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजी परीक्षेची धास्ती घेऊ नये, पण तिला हलक्यातही घेऊ नये. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो. वाचन आणि ऐकणं सरावानं लवकर सुधारतं, लेखन आणि बोलणं वेळ खातं. रोज अर्धा तास मोठ्यानं बोलायची सवय तीन-चार महिने ठेवा, फरक पडतो.

पैसा : सातबारा बँकेत का चालत नाही

या विषयावर घराघरांत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘चार एकर बागायत आहे, बँक कर्ज देईलच’ असं वडील म्हणतात आणि बँकेत गेल्यावर मॅनेजर मान हलवतात. त्याचं कारण कायद्यात आहे. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्यानं दिला. पण त्याच कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. म्हणून शैक्षणिक कर्जासाठी बँका शेतजमीन तारण घ्यायला बहुधा तयार होत नाहीत. त्यांना चालतं ते बिगरशेती प्लॉट, कागद पक्के असलेलं घर किंवा फ्लॅट, मुदत ठेव, विमा पॉलिसी.

गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तेवढ्यावर अनेक बँका थांबतात. केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन ज्या गावांची मिळकत पत्रिका तयार झाली आहे, तिथल्या लोकांनी ती भूमी अभिलेख कार्यालयातून काढून ठेवावी. घर आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंद आधी लावा. चुलत्यांची संमती लागणार असेल तर तेही आधीच बोलून घ्या. ऐनवेळी भाऊबंदकी निघाली की पोराचं सत्र जातं.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेचा ढाचा असा आहे. ४ लाखांपर्यंत तारण नाही. ४ ते ७.५ लाखांपर्यंत जामीनदार लागू शकतो. त्यावर तारण लागतं. परदेशी शिक्षणासाठी ४ लाखांवरच्या कर्जात साधारण १५ टक्के रक्कम आपण घालायची असते. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानं सुरू होतात. काही सरकारी बँका निवडक नामांकित विद्यापीठांसाठी विनातारण मोठं कर्जही देतात. खासगी वित्तसंस्था विनातारण लवकर देतात, पण व्याज चढं असतं. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकाच अर्जात अनेक बँकांकडे विचारणा करता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना मात्र देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. या दोन नावांत गल्लत करू नका.

हप्त्याचा हिशेब सहीच्या आधी

समजा, एका वर्षाच्या मास्टर्ससाठी ३० लाखांचं कर्ज १०.५ टक्के व्याजानं घेतलं. पूर्ण रक्कम उचलली की महिन्याचं नुसतं व्याज २६,२५० रुपये होतं. शिक्षणाचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष व्याज भरलं नाही, तर मुद्दल सव्वाछत्तीस लाखांच्या पुढं जातं. मग १० वर्षांचा हप्ता महिना सुमारे ४९ हजार बसतो. व्याज वेळच्या वेळी भरत गेलात तर तोच हप्ता साडेचाळीस हजारांच्या आसपास राहतो.

आता प्रश्न असा विचारा : मुलाला तिकडं नोकरी लागली नाही आणि तो परत आला, तर पुण्यातल्या पगारात हा हप्ता निघेल का? सहकर्जदार म्हणून सही वडिलांची असते. दुधाच्या आणि उसाच्या बिलावर ४९ हजारांचा हप्ता निघत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर कमी खर्चाचा देश, कमी रकमेचं कर्ज किंवा दोन वर्षं नोकरी करून मग जाणं, यांपैकी एक निवडा. यात कमीपणा काही नाही.

स्वतःच्या पैशातून परदेशी रक्कम पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेल्यास बँक टीसीएस कापते. तो विवरणपत्र भरून जमेला धरता येतो. बँक किंवा अधिकृत वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो एप्रिल २०२५ पासून लागत नाही.

शिष्यवृत्त्या : दाखले तयार असतील तरच

१९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. लंडनचं अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२० मध्ये पुन्हा निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. आज राज्याच्या दोन प्रमुख योजना याच दोघांच्या नावानं चालतात.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, दरवर्षी ७५ जागा. पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत.

महाराजा सयाजीराव गायकवाड सारथी शिष्यवृत्ती : मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी, ७५ जागा. त्यातल्या ५० पदव्युत्तर आणि २५ पीएचडीसाठी.

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी, देशभरात १२५ जागा.

याशिवाय इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग, अनुसूचित जमाती, अल्पसंख्याक आणि खुल्या प्रवर्गासाठीही राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठात प्रवेश, या अटी साधारण सगळीकडे दिसतात. क्रमवारीची मर्यादा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचावी. एजंटनं सुचवलेलं कॉलेज या क्रमवारीत नसेल तर शिष्यवृत्तीचा दरवाजा तिथंच बंद होतो. म्हणून कॉलेज ठरवतानाच हे बघा.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर यांपैकी जे लागू असेल ते ‘आपले सरकार’वरून किंवा सेतूतून आधीच काढा. जात वैधता हे महिनोन्महिने चालणारं काम आहे. जाहिरात आल्यावर त्याला हात घातला तर मुदत निघून जाते.

कुठल्या देशाला काय लागतं

जर्मनी : सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो आहेत. राहण्याच्या खर्चासाठी ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात आधी ठेवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तर हे साधारण १२ लाख होतात. ही फी नव्हे. दरमहा ९९२ युरोप्रमाणे ते तुम्हालाच खर्चाला मिळतात. भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. नुसत्या बारावीवर थेट पदवीला प्रवेश बहुधा मिळत नाही. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी दुकान, घरमालक आणि नोकरी जर्मन भाषेतच चालते, म्हणून भाषा इथूनच सुरू करा.

इंग्लंड : मास्टर्स एका वर्षाचं. फीशिवाय खर्चासाठी लंडनमध्ये महिना १५२९ आणि बाहेर ११७१ पौंड, असे ९ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे. एक दिवसही कमी झाली तर अर्ज नाकारला जातो. कारखान्याचं बिल जमा झालं आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीचं वळतं झालं, असं खातं इथं चालत नाही. त्यासाठी वेगळं खातं किंवा मुदत ठेव ठेवा. वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आणि क्षयरोग तपासणी वेगळी. शिक्षणानंतर कामासाठी दोन वर्षं मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व मास्टर्सवाल्यांना ती मुदत १८ महिने होणार आहे. जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सला जोडीदार नेता येत नाही.

कॅनडा : खर्चासाठी एकट्या विद्यार्थ्याला २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. पूर्वीची झटपट एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि परवान्यांवर संख्यामर्यादा आली. जुन्या अनुभवावर सल्ला देणाऱ्यांचं ऐकताना हे लक्षात ठेवा. शिकत असताना आठवड्याला २४ तास काम चालतं.

अमेरिका : कॉलेजकडून आय-२०, मग ३५० डॉलरची सेव्हिस फी, १८५ डॉलरची व्हिसा फी आणि प्रत्यक्ष मुलाखत. पश्चिम महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना मुलाखतीसाठी मुंबईचा वकिलात सोयीचा पडतो. सत्र चालू असताना काम फक्त कॅम्पसवर, आठवड्याला २० तास. २०२५ पासून विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांची खाती खुली ठेवायला सांगितलं जातं.

ऑस्ट्रेलिया : खर्चासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर. व्हिसा फी जुलै २०२५ पासून २००० ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. सत्रात पंधरवड्याला ४८ तास काम.

कामाचे तास बघून ‘फी तिथंच कमवून भरू’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पार्टटाइम कामातून किराणा आणि काही अंशी भाडं निघतं. फी घरूनच न्यायची असते. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम केल्यास व्हिसा जातो.

नातेवाइकांकडून चार दिवस उसने पैसे खात्यात फिरवून कागद काढायचा प्रकारही महागात पडतो. अचानक आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याला लगेच दिसते. खोट्या कागदामुळे नकार मिळाला तर काही देश अनेक वर्षांची बंदी घालतात.

परदेशातलं एमबीबीएस : हे चार प्रश्न विचारा

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि ‘ऑपरेशन गंगा’तून हजारो भारतीय विद्यार्थ्यांना परत आणावं लागलं. त्यांत आपल्या राज्यातलीही मुलं होती. परदेशातून डॉक्टर होऊन इथं प्रॅक्टिस करायची असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम लागू आहेत. पैसे भरण्याआधी कॉलेजकडून लेखी उत्तर घ्या :

१. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आहे का?

२. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का?

३. शिकवणं इंग्रजीतून होतं का?

४. ती पदवी घेऊन त्या देशाचा स्वतःचा नागरिक तिथं डॉक्टर म्हणून परवाना मिळवू शकतो का?

एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर ती पदवी इथं नोंदणीला अडेल. नीट पात्र असणंही बंधनकारक आहे. परत आल्यावर परवाना परीक्षा असते. सध्या ती ३०० गुणांची असून १५० मिळाल्याशिवाय पास होत नाही. पुढं इथंही इंटर्नशिप करावी लागते. ‘नीट लागत नाही, परीक्षेचं आम्ही बघतो’ असं म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून उठून यावं.

एजंटला काय विचारायचं

सगळे एजंट फसवे नसतात. पण ‘आमची सेवा मोफत’ म्हणणाऱ्याला कॉलेजकडून कमिशन मिळत असतं, हे धरून चाला. तो जिथं कमिशन आहे तीच कॉलेजं दाखवणार. २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाल्याचं प्रकरण गाजलं होतं. मुलं तिथं शिकून नोकरीला लागल्यावर ते बाहेर आलं.

अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड स्वतःचा ठेवा. प्रवेशपत्र थेट विद्यापीठाला ईमेल करून खात्री करा. फी विद्यापीठाच्या खात्यावरच बँकेमार्फत पाठवा, एजंटच्या खात्यावर नाही. मूळ कागदपत्रं कुणाकडेही ठेवू नका. प्रत्येक रकमेची पावती घ्या आणि व्हिसा नाकारला तर किती पैसे परत, हे लेखी घ्या.

कॉलेज मान्यताप्राप्त आहे का, ते घरबसल्या तपासता येतं. इंग्लंडमध्ये विद्यार्थी प्रायोजकांची सरकारी यादी आहे, कॅनडात डीएलआय, ऑस्ट्रेलियात क्रिकोस आणि अमेरिकेत सेव्हिपची यादी. जर्मनीसाठी डाड या सरकारी अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या संस्थेची माहिती विश्वासाची. यादीत नाव नाही, तर पैसे भरायचे नाहीत.

निघण्याआधी आणि पोचल्यावर

सामान : विमानाच्या तिकिटावरचं वजन बघून बॅग भरा. चटणी, मसाला, पोहे, शेवया बहुधा चालतात. तूप, खवा, पेढे यांची गोष्ट वेगळी. इंग्लंड आणि युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करावी लागते. लपवली तर दंड होतो. औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी ठेवा.

राहणं : पहिल्या वर्षी विद्यापीठाचं होस्टेल मिळालं तर तेच घ्या. खोली बघितल्याशिवाय, फक्त फोटोवर डिपॉझिट पाठवू नका. जर्मनीत पोचल्यावर साधारण दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्याशिवाय पुढची कामं अडतात. इंग्लंडमध्ये आल्याबरोबर जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवा. अधिभार भरलेलाच असतो.

बँक : शिक्षणासाठी बाहेर गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्यात अनिवासी धरला जातो. इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं. ओटीपी येणारा मोबाईल नंबर चालू ठेवा, कारण बँकेचं सगळं त्यावरच चालतं.

घरचे कागद : सातबाऱ्यावर मुलाचं नाव असेल किंवा कर्जाच्या सह्या पुढं लागणार असतील, तर वडील, आई किंवा बहीण यांच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून जावं. तिकडून पाठवायचं तर भारतीय दूतावासात खेपा घालाव्या लागतात. सगळ्या कागदांची स्कॅन प्रत घरी एकाला आणि स्वतःच्या ईमेलवर ठेवा.

अडचण : पासपोर्ट हरवला, मालकानं पगार अडवला, अपघात झाला, तर जवळच्या भारतीय दूतावासाशी आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर संपर्क साधता येतो. पोचल्यावर दूतावासात विद्यार्थी म्हणून नोंद करून ठेवलेली बरी.

पालकांसाठी शेवटचं. पहिले तीन-चार महिने मुलांना जड जातात. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार, स्वयंपाक स्वतःचा, बोलायला कोणी नाही. फोनवर ‘काम लागलं का, पैसे कधी पाठवतोस’ हे आधी विचारू नका. जेवलास का, झोपतोस का, अभ्यास झेपतोय का, हे विचारा. एखादा विषय राहिला तर तो घरी सांगू शकला पाहिजे. कर्जाच्या भीतीनं जो गप्प बसतो, तो तिकडं चुकीच्या कामात आणि चुकीच्या माणसांत अडकतो. हिशेब सुरुवातीलाच घरच्या सगळ्यांसमोर झाला असेल, तर ही भीती निम्मी होते.

या आठवड्यात निदान एवढं करा. घरातली पेटी उघडून सगळे दाखले बाहेर काढा, नावांचा तो एक कागद तयार करा, आणि घर नक्की कुणाच्या नावावर आहे ते बघा. एजंटकडे जायचं ते त्यानंतर.